ड्रॅगनला पाय किती? मुलांच्या कल्पनेतल्या प्राण्यांकडे बघताना



आज गणिताचा किंवा व्याकरणाचा घटक नाही, एका चित्राची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट माझ्याच चुकीची आहे, म्हणून सांगायला जरा वेळ लागला.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, मैदानावर जायची सोय नाही. शेवटच्या तासाला मी मुलांना म्हटलं, "चला, मनाला येईल ते चित्र काढा." पंधरा मिनिटांत वर्गभर तेच चित्र तयार झालं. तुम्हालाही ते पाठ असेल. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, एक झोपडी आणि एक नारळाचं झाड. एका मुलाने मात्र ड्रॅगन काढला होता. तोंडातून जाळ, कानाएवढे दोन पंख, अंगभर त्रिकोण त्रिकोण आणि खाली चक्क आठ पाय.

मला चित्र आवडलं. आणि आवडलं म्हणूनच मी घोळ घातला. "अरे, ड्रॅगनला एवढे पाय नसतात," असं म्हणत मी त्याच्याच पेन्सिलीने चार पाय खोडले. पंख मोठे करून दिले. शेपटीला छान वळण दिलं. चित्र एकदम 'सुधारलं'. दुसऱ्या दिवशी मी ते फलकावर लावलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.

पुढच्या चित्रकलेच्या तासाला त्याने दोन डोंगर, सूर्य आणि नदी काढली. त्याच्या पुढच्या तासालाही तेच. मी विचारलं, "काय रे, ड्रॅगन नाही काढत?" तो अगदी सहज म्हणाला, "तुम्हीच काढा ना बाई. तुम्हाला येतो."

त्या आठ पायांचं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्याच्या बाकावर बसणाऱ्या मुलीने सांगितलं, "बाई, त्याचा ड्रॅगन चार पायांनी चालतो आणि चार पायांनी लढतो." म्हणजे त्याने विचार करून आठ पाय काढले होते. विचार न करता खोडले होते ते मी.

ड्रॅगनला पाय किती, हे ठरवणार कोण?

मी जे 'बरोबर' म्हणून सांगितलं ते आलं कुठून? टीव्हीवर पाहिलेल्या कार्टूनमधून. नंतर शोधलं तेव्हा लक्षात आलं, की या प्रश्नाला एकच उत्तर नाहीच. चिनी चित्रांतला ड्रॅगन सापासारखा लांबलचक असतो. त्याला चार पाय असतात आणि बहुधा पंख नसतात, तरी तो ढगांतून फिरतो. तिकडे तो पावसाशी आणि पाण्याशी जोडलेला शुभ प्राणी मानतात. युरोपातल्या चित्रांत त्याला पंख असतात आणि तो आग ओकतो. तिथेही काही चित्रकारांनी चार पाय काढले, तर काहींनी दोनच.

आपल्याकडे वेगळं काय आहे? शिवनेरीच्या दरवाजावर शरभ कोरलेला आहे. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजाशी हत्तींना पंजांत पकडलेला एक प्राणी आहे. सहलीला गेल्यावर आपण त्याच्यासमोर मुलांचा फोटो काढतो आणि पुढे जातो. जुन्या देवळांच्या उंबरठ्यावर बटबटीत डोळ्यांचं कीर्तिमुख असतं. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ते मगरीसारख्या मकराच्या तोंडातून. ओडिया महाभारतात नवगुंजर नावाचा प्राणी येतो, त्याचं शरीर नऊ प्राण्यांच्या अवयवांचं बनलेलं आहे. डोकं कोंबड्याचं, मान मोराची, शेपटीच्या जागी साप आणि एक हात चक्क माणसाचा. त्या शिल्पकारांना कुणी "असा प्राणी नसतो" असं म्हणून छिन्नी काढून घेतली असती, तर आपण आज काय पाहिलं असतं?

तेव्हा पहिली गोष्ट. कल्पनेतल्या प्राण्याचं चित्र 'चूक' नसतं. पण म्हणून ते सुधारूच नये का? इथे माझं मत थोडं वेगळं आहे.

'वा, छान!' म्हणणंही पुरेसं नाही

त्या प्रसंगानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. कुणी काहीही दाखवलं की "वा, छान!" म्हणायचं आणि एक स्टार द्यायचा. मुलं खूश होती, पण थोडेच दिवस. चौथी-पाचवीतलं मूल भाबडं नसतं हो. आपला घोडा कुत्र्यासारखा दिसतोय हे त्याला आपल्या आधी कळलेलं असतं. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या त्यांच्या पुस्तकात चित्रकलेचे टप्पे मांडले आहेत. त्यांत साधारण नऊ वर्षांनंतर मूल खऱ्यासारखं चित्र काढायची धडपड करू लागतं आणि स्वतःच्या चित्राकडे टीकेच्या नजरेने बघू लागतं. "मला चित्र येत नाही" हे वाक्य याच वयात ऐकू येतं, हा तुमचा-माझा रोजचा अनुभव आहे.

अशा वेळी "छान" म्हणणं म्हणजे त्याचा प्रश्नच न ऐकणं. त्याला कौतुक हवंच असतं, पण "हा पंख अंगाला चिकटवल्यासारखा का दिसतोय?" या प्रश्नाचं उत्तरही हवं असतं. आपण त्याच्या हातातली पेन्सिल घेतो किंवा पाठ थोपटतो, आणि दोन्ही वेळी त्याला एकटं सोडतो.

मग करायचं काय? माझं उत्तर थोडं उलटं वाटेल. कल्पनेचं चित्र सुधारायचं असेल, तर मुलांना खरे प्राणी दाखवा.

लिओनार्दोच्या खोलीतला वास

लिओनार्दो दा विंची आपल्याला माहीत आहे तो मोनालिसामुळे. त्याने आपल्या टिपणांत काल्पनिक प्राणी खरा वाटावा म्हणून काय करावं हे लिहून ठेवलं आहे. समजा ड्रॅगन काढायचा आहे, तर डोकं शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, भुवया सिंहाच्या, मान पाणकासवाची. म्हणजे अख्खा प्राणी खोटा, पण त्याचा प्रत्येक तुकडा खरा.

त्याच्या लहानपणीची एक गोष्ट वसारीने लिहिलेल्या चरित्रात आहे. वडिलांनी एका ओळखीच्या शेतकऱ्यासाठी लाकडी ढालीवर काहीतरी रंगवायला सांगितलं. पोराने खोलीत सरडे, रातकिडे, साप, टोळ, वटवाघळं गोळा केली आणि त्यांना बघून बघून एक भयंकर प्राणी तयार केला. मेलेल्या प्राण्यांचा वास सुटला, पण कामाच्या नादात त्याला तो जाणवलाच नाही. चित्र झाल्यावर वडील खोलीत आले आणि दचकून मागे सरले. पुढे वडिलांनी त्या शेतकऱ्याला दुसरीच एक ढाल विकत घेऊन दिली आणि मुलाची ढाल गुपचूप विकून टाकली! पालकांनो, हसू नका. मुलांनी गोळा केलेली पिसं, शंख, काड्यापेटीतले किडे आपण किती वेळा 'घाण' म्हणून फेकून देतो, ते आठवा.

दुसरी गोष्ट आपल्या गोव्याशी जोडलेली आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगिजांना एक गेंडा भेट दिला. तो गोव्यातून जहाजाने लिस्बनला पाठवला गेला आणि १५१५ च्या मे महिन्यात तिथे पोहोचला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या अल्ब्रेख्त ड्युररने तो गेंडा पाहिलाच नाही. त्याच्या हाती आलं ते फक्त एक वर्णन आणि एक कच्चं रेखाटन. त्यावरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेवर एक जास्तीचं छोटं शिंगसुद्धा आहे! पुढची दोनशे वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ युरोपात गेंडा म्हटलं की हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवलं जायचं.

ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगते. जे पाहिलं नाही तिथे ड्युररनेही आपल्याला माहीत असलेलं चिलखत भरलं. आपला पाचवीतला मुलगा पंखाच्या जागी कान काढतो, तेव्हा तोही तेच करत असतो. म्हणजे कल्पना कमी पडलेली नसते, बघणं कमी पडलेलं असतं.

वर्गात मी आता काय करते

पद्धत अगदी साधी आहे. वही, पेन्सिल आणि आजूबाजूचे प्राणी एवढंच लागतं.

१. आधी गोष्ट ऐकायची. चित्र हातात घेऊन पहिला प्रश्न, "हा राहतो कुठे? खातो काय? रात्री काय करतो?" मूल बोलायला लागलं की आठ पायांचं कारण आपोआप कळतं. मग पुढचा प्रश्न तिथूनच काढायचा. "लढायच्या पायांची नखं चालायच्या पायांसारखीच असतील का?"

२. एक अवयव निवडायचा आणि तो खरा बघायचा. अख्खं चित्र एकदम सुधारायला जायचं नाही. आज फक्त खवले. बाजारातून आणलेला मासा बघा. खवले त्रिकोण त्रिकोण काढून भरलेले नसतात, ते एकावर एक चढलेले असतात, आपल्या घराच्या कौलांसारखे. कौलाचा उतार पागोळीकडे, तसा खवल्याचा उतार शेपटीकडे. हे एकदा दिसलं की मुलाच्या ड्रॅगनचं अंग बदलतं. दुसऱ्या दिवशी पाय. कोंबडीचा पाय बघा, पुढे तीन बोटं, मागे एक. सरड्याचे पाय बघा, ते अंगाखाली नसतात, बाजूला फाकलेले असतात. शिंगांसाठी म्हैस आहे, डोळ्यांसाठी दुपारच्या उन्हात बसलेलं मांजर आहे.

३. पंखांसाठी वेगळा तास. हा माझा सगळ्यात आवडता तास. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात असतो. चार बोटं लांबलचक झालेली, त्यांच्यामध्ये कातडी ताणलेली आणि अंगठा वर मोकळा. मुलांना आपला पंजा पसरायला सांगायचा आणि बोटांच्या मध्ये कातडी आहे अशी कल्पना करायला सांगायची. पक्ष्यांचेही पंख म्हणजे हातच. मग कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, हातांचे पंख झाले तर खाली पाय दोनच उरतील ना? मग ड्रॅगनला चार पाय आणि वर पंख कसे?"

आता या प्रश्नाचं उत्तर आपल्या सह्याद्रीत झाडावर बसलेलं आहे. पश्चिम घाटाच्या जंगलात, अगदी दक्षिण कोकण आणि गोव्यापर्यंत, एक उडता सरडा सापडतो. त्याचे चारही पाय शाबूत असतात, तरी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. कारण त्याचे पंख हातांचे नाहीत, बाहेर वाढलेल्या बरगड्यांचे आहेत. त्यांच्यावर कातडीचा पडदा असतो, हवा तेव्हा उघडायचा आणि मिटायचा. त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द आहे 'ड्राको', म्हणजे ड्रॅगन!

हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती बघण्यासारखी असते. मग मुलं आपापलं ठरवतात. कुणी वटवाघळाचे पंख आणि दोन पाय घेतं, कुणी बरगड्यांचे पंख आणि चार पाय. आठ पाय हवे असतील तरी हरकत नाही, कोळ्याला असतात की! फक्त ते अंगाला कुठे जोडलेले असतात, ते जाऊन बघून ये.

४. मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. हा नियम मी स्वतःसाठी केला आहे. काही दाखवायचंच असेल तर फळ्यावर किंवा वेगळ्या कागदावर दाखवायचं. दुसरं चित्र नव्या कागदावर काढायचं आणि पहिलं जपून ठेवायचं. खोडरबर जितका कमी तितकं बरं.

एकमेकांची चित्रं बघायची, पण कशी?

अमेरिकेतल्या रॉन बर्गर या शिक्षकांनी एका पहिलीतल्या मुलाचं उदाहरण जगभरच्या शिक्षकांपर्यंत पोहोचवलं आहे. त्या मुलाला एका फुलपाखराचं शास्त्रीय चित्र काढायचं होतं. समोर फोटो होता, तरी पहिलं चित्र आपल्या पहिलीतल्या मुलांसारखंच आलं. मग वर्गातल्या मुलांनी त्याला सांगितलं की पंखाचा आकार फोटोत जास्त टोकदार आहे. त्याने पुन्हा काढलं. असं करत सहावं चित्र इतकं नेमकं आलं की ते पहिलीतल्या मुलाचं आहे यावर विश्वास बसत नाही. त्याला 'हुशार' कुणी म्हटलं म्हणून हे झालं नाही. काय बघायचं हे मित्रांनी सांगितलं म्हणून झालं.

बर्गर यांचे तीन नियम मी माझ्या भाषेत वर्गात लावले आहेत. बोलणं मायेचं हवं, नेमकं हवं आणि उपयोगी हवं. "घाण काढलंय" चालणार नाही. "मस्त आहे" हेसुद्धा पुरेसं नाही, काय मस्त आहे ते सांग. "शेपटी मोठी कर" यापेक्षा "मला कळलं नाही की हा उडतोय का बसलाय" हे जास्त उपयोगी, कारण त्यावर काय करायचं ते चित्र काढणाऱ्याला ठरवता येतं. पहिले काही दिवस मुलं अडखळतात. मग अशी काही बोलतात की आपणच ऐकत राहावं. एकदा एक मुलगी म्हणाली, "तुझा ड्रॅगन रागावलेला आहे म्हणतोस, पण त्याचे डोळे झोपलेत." मलाही ते दिसलं नव्हतं.

चित्र सगळ्यांना दाखवण्याआधी

आता थोडं आपल्या मोठ्यांविषयी. हल्ली चित्र पूर्ण व्हायच्या आधीच त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलेला असतो. हेतू चांगला असतो, पण तीन गोष्टी सांभाळूया.

पहिली, मुलाला विचारा. "हे दाखवू का सगळ्यांना?" तो "नको" म्हणाला तर नको. चित्र त्याचं आहे.

दुसरी, चित्रांना पहिला-दुसरा क्रमांक लावू नका. ज्याला क्रमांक मिळाला नाही तो पुढच्या वेळी डोंगर आणि सूर्य काढतो, कारण त्यात धोका नसतो. फलकावर लावायचंच असेल तर एकाच मुलाचं पहिलं आणि तिसरं चित्र शेजारी शेजारी लावा. मग तुलना दुसऱ्याशी होत नाही, स्वतःशी होते.

तिसरी, मोबाइलवर चार शब्द लिहिले की दोन सेकंदांत चकचकीत ड्रॅगन तयार होतो. "बघ, असा काढ" म्हणून तो मुलापुढे ठेवू नका. व्हिडिओ बघून केलेली नक्कल मला पाप वाटत नाही, नक्कल करून हात बसतो. पण ती नक्कल आहे हे मुलाने मोकळेपणाने सांगावं आणि पुढचं चित्र स्वतःचं असावं, एवढी अपेक्षा ठेवूया.

"पण याचा परीक्षेत उपयोग काय?"

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसायचं झालं तर निरीक्षणाची सवय कामी येईल, हे उत्तर देता येतं. पण माझं खरं उत्तर वेगळं आहे.

आपली मुलं निबंध एकदाच लिहितात. आपण लाल पेनाने खुणा करतो, वही परत जाते, विषय संपतो. तोच निबंध पुन्हा, आधीपेक्षा बरा लिहायची वेळ त्यांच्यावर कधी येतच नाही. पहिला प्रयत्न हा पहिलाच असतो, कुणी काही सुचवलं म्हणजे आपला अपमान झाला असं नाही आणि नीट बघितलं की हात सुधारतो, हे शिकवायला ड्रॅगनसारखा दुसरा विषय नाही. कारण तिथे बरोबर उत्तर कुणाकडेच नसतं. शिक्षकाकडेही नाही. म्हणून मूल घाबरत नाही.

एक अडचण मान्य करते. चाळीस मुलांचा वर्ग, अपुरा वेळ, त्यात ऑनलाइन माहिती भरायची कामं. दर आठवड्याला हे जमत नाही, मलाही जमत नाही. महिन्यातून एक तास आणि त्या तासात एकच अवयव, एवढं मात्र जमतं.

त्या मुलाचं ते चित्र अजून माझ्या कपाटात आहे. फलकावरून काढल्यावर त्याने ते मागितलंच नाही. उजेडात धरलं की खोडलेले चार पाय अजून दिसतात, कारण त्याने पेन्सिल दाबून काढली होती. नवीन वर्ग हातात आला की मी ते एकदा काढून बघते.

तुम्हाला एकच विनंती. या रविवारी घरातल्या किंवा वर्गातल्या मुलाला एक ड्रॅगन काढायला सांगा. पाय कितीही असू देत. खोडरबर बाजूला ठेवा आणि विचारा, "याला एवढे पाय का आहेत रे?"

मग उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.